संमती कोणाची, सही कोणाची?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयाच्या वॉर्डात एक ठरलेला प्रश्न विचारला जातो : 'कसली औषधे चालू आहेत का?' बहुतेक रुग्णांना या प्रश्नाचे उत्तर देताना विचार करावा लागत नाही. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, थायरॉईडची गोळी, अशी नावे सांगितली जातात आणि केसपेपरवर उतरवली जातात. परंतु जिच्या पिशवीत तळाशी लिथियमच्या गोळ्यांची पट्टी दडवलेली आहे, त्या स्त्रीला हा प्रश्न वेगळाच भासतो. खाटेच्या पायथ्याशी सासू बसलेली असते, शेजारच्या खाटांवरच्या बायकांचे कान इकडे लागलेले असतात आणि प्रश्न विचारणारी परिचारिका घाईत असते. खरे सांगावे तर 'वेडाची गोळी घेते' हा शिक्का तासाभरात वॉर्डभर होईल. न सांगावे तर उद्या भूल देणारा डॉक्टर अंधारात राहील. सांगितले तर पत जाते, लपवले तर प्राण जाण्याचा धोका असतो. आजारी माणसाला सत्याची एवढी किंमत मोजावी लागावी, हा दोष त्या माणसाचा नव्हे. तो ज्या व्यवस्थेत उपचार घेतो त्या व्यवस्थेचा आहे.

अशी एक स्त्री कल्पावी. वय ४२, अंगणवाडीत मदतनीस. गर्भाशयात गाठी झाल्या आहेत, दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावर जाते, हिमोग्लोबिन सातावर आले आहे. जिना चढताना धाप लागते. गेली बारा वर्षे तिला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि अवसाद या दोन टोकांमध्ये मन हेलकावणारा विकार आहे. नियमित औषधांमुळे तो आटोक्यात आहे. ती नोकरी करते, घर चालवते, मुलांच्या शाळेची फी भरते. तिच्यासारख्या स्त्रिया प्रत्येक तालुक्यात आहेत. त्या दिसत नाहीत, एवढेच. तिच्यावरील शस्त्रक्रिया आवश्यक असू शकते, किंबहुना तिचे आयुष्य सुखाचे करणारीही ठरू शकते. प्रश्न शस्त्रक्रिया हवी की नको हा नाही. ती कोणत्या तयारीने आणि कोणाच्या संमतीने होते, हा आहे.

औषध आणि भूल

ज्या औषधाचे नाव सांगण्याची तिला भीती वाटते, त्याविषयी आधी थोडे सांगणे अवश्य आहे. लिथियम हा एक साधा क्षार. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा गुण १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर या विकारातील ते एक प्रमुख औषध आहे. मात्र त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते, ते १.५ च्या पुढे गेले की विषबाधेची भीती. लिथियम शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडांवाटे. रुग्ण दीर्घकाळ उपाशी राहिला, शरीरातील पाणी वा मीठ कमी झाले, उलट्या झाल्या, तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. शस्त्रक्रियेच्या दिवशी नेमके हेच सारे घडत असते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेदनाशामकांची. शस्त्रक्रियेनंतर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सर्रास दिले जाते आणि ही दोन्ही औषधे रक्तातील लिथियम वाढवतात. शिवाय भुलीच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा परिणाम लिथियममुळे लांबतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे २४ तास लिथियम थांबवावे आणि नंतर मूत्रपिंडांचे काम व रक्तातील क्षार ठीक असल्याची खात्री करून ते लवकर पुन्हा सुरू करावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या काही रुग्णांत रक्त गोठण्यास आवश्यक असणाऱ्या पेशी कमी होतात, तर कार्बामॅझेपीनमुळे स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा प्रभाव लवकर ओसरतो. या सर्व गोष्टी भूलतज्ज्ञांना ठाऊक असतात आणि त्यांवर उपायही असतात. मात्र औषधाचे नाव कळले तरच.

उलट बाजूचा धोकाही तेवढाच खरा. घाबरून किंवा लपवण्यासाठी रुग्णाने आपल्या मनाने दोन आठवडे गोळ्या बंद केल्या, अथवा 'ऑपरेशन आहे, आता बाकीचे सगळे बंद' असे कोणी सरसकट सांगितले, तर विकार उसळून येऊ शकतो. लिथियम एकाएकी दीर्घकाळ बंद करणे हे उन्माद परतण्याचे एक ज्ञात कारण आहे. झोपमोड हे दुसरे. रात्रभर दिवे जळणाऱ्या, रडारड आणि धावपळ चालू असणाऱ्या वॉर्डात झोप कशी लागणार? मळमळ थांबवण्यासाठी वा सूज उतरवण्यासाठी दिलेले स्टिरॉइडही काही रुग्णांत मनाचा तोल ढळवते. आणि गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर पाळी जाण्याचा जो काळ निसर्ग काही वर्षांत पार पाडतो, तो एका दिवसात अंगावर कोसळतो. झोप, मन आणि हाडे या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. हे सारे आधी सांगितले जावे, हा रुग्णाचा हक्क आहे. कृपा म्हणून ते सांगायचे नसते.

आणखी एक बारीक पण घातक गोष्ट आहे. लिथियमची विषबाधा होऊ लागली की हात थरथरतात, उलट्या होतात, पाय लटपटतात, बोलणे असंबद्ध होते. ज्या रुग्णाच्या केसपेपरवर मनोविकाराची नोंद आहे, तिची ही लक्षणे 'तिचा जुना आजार' म्हणून बाजूला सारली जाण्याची शक्यता असते. पोटात दुखते म्हणून ती ओरडली, तर तो तिचा स्वभाव ठरतो. म्हणजे सत्य सांगूनही तिची सुटका नाही. आजार सांगितला की तिच्या प्रत्येक तक्रारीचे मूळ तिच्या डोक्यात शोधले जाते. म्हणून औषधांची नोंद करण्याइतकेच, त्या नोंदीमुळे रुग्णाच्या शब्दाचे वजन कमी न होऊ देणे महत्त्वाचे आहे.

जुन्या समजुतीचे नवे रूप

स्त्रीचे मन बिघडले की तिच्या गर्भाशयाकडे बोट दाखवण्याची रीत फार जुनी आहे. 'हिस्टेरिया' हा शब्दच ग्रीक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दापासून आला. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या शल्यचिकित्सकाने निरोगी अंडाशये काढण्याच्या शस्त्रक्रियेस प्रारंभ केला आणि पुढे मानसिक म्हणून गणल्या गेलेल्या तक्रारींसाठीही असंख्य स्त्रियांवर ती केली गेली. वैद्यकशास्त्राने ही समजूत टाकून दिली. पण समाजाच्या आणि संस्थांच्या मनातून ती पुरती गेली, असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला तर हे विसरता येणार नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय निवासगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या शासकीय रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण पुढे केले गेले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा हा कार्यक्रम थांबला. मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. परंतु दोन्हींत एक धागा समान आहे : बाईला कळत नाही असे एकदा ठरले, की तिच्या शरीराचा निर्णय व्यवस्थापनाच्या सोयीचा विषय बनतो. कर्मचारी कमी, न्हाणीघरे अपुरी, कापड अपुरे. ही उणीव संस्थेची असते आणि तिची भरपाई मात्र स्त्रीच्या शरीरातून केली जाते.

जिला कोणताही मनोविकार नाही, त्या गरीब स्त्रीचा तरी शब्द कितीसा चालतो? बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, अशी माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आली. यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न सर्वांत तीव्र होता. खाडा झाला की दंड, फडात ना संडास ना पाणी, आणि डॉक्टरकडे गेले की कॅन्सरची भीती; या तिहेरी कात्रीत 'पिशवी काढून टाकणे' हा सुटकेचा मार्ग वाटू लागला. देशातील अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत होतात, असे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. जिथे धडधाकट मनाच्या स्त्रीला तिच्या प्रकृतीविषयी पुरते सांगितले जात नाही, तिथे 'मेंटल' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रीला कोण विचारणार?

कायदा काय म्हणतो

प्रौढ, समजत्या स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते. पतीची, सासऱ्याची वा भावाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही. हे किती स्पष्ट आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निकालावरून दिसते. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेण्यास दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण प्रौढ आणि सक्षम होती, तिची शुद्ध तात्पुरती हरपली होती आणि जिवावर बेतलेला प्रसंग नव्हता; तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे हाच मार्ग होता. भुलीने माणसाची शुद्ध जाते, हक्क जात नाही, हा या निकालाचा गाभा आहे.

मग मनोविकाराने हक्क जातो काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकलमनस्क ठरत नाही. ज्याला आपल्या उपचाराची माहिती समजते, परिणामांची जाणीव आहे आणि आपला निर्णय कोणत्याही मार्गाने कळवता येतो, त्याला मानसिक उपचारांचा निर्णय करण्याची क्षमता आहे असे हा कायदा मानतो. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरवता येत नाही. मनोरुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीने आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, असेही तो सांगतो. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून स्त्री-पुरुषाची नसबंदी करण्यास त्याची मनाई आहे. आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचा हक्क कायदा, ज्याच्या यादीत मानसिक आजारही आहे, सांगतो की वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीवाचून करता येणार नाही.

परंतु आपल्याच कायद्यांत एक विसंगती अजून उभी आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार 'मनोरुग्ण' स्त्रीचा गर्भपात तिच्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. २००२ च्या दुरुस्तीने 'वेडी' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द गेला. पण नव्या व्याख्येत, मतिमंदत्व सोडून अन्य कोणत्याही मानसिक विकारामुळे जिला उपचारांची गरज आहे, अशी प्रत्येक स्त्री आली. म्हणजे नियमित औषध घेऊन कार्यालय चालवणारी, मत देणारी, कर भरणारी स्त्रीही या एका बाबतीत कोणाच्या तरी ताब्यातली ठरते. २०२१ मध्ये गर्भपाताची मुदत वाढवताना हे कलम तसेच ठेवले गेले. २०१६ आणि २०१७ च्या कायद्यांनी जे दिले, ते १९७१ च्या कायद्याने परत घ्यावे, हा न्याय नव्हे. ही दुरुस्ती झाली पाहिजे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर डॉक्टर मंडळी एक रास्त शंका काढतील. उन्मादाच्या ऐन भरात असलेली स्त्री 'होय' म्हणाली किंवा 'नाही' म्हणाली, तर तो तिचा विचारपूर्वक निर्णय मानायचा कसा? शंका बरोबर आहे. पण उत्तरही अवघड नाही. गाठींसाठी गर्भाशय काढणे ही बहुतेक वेळा ठरवून करण्याची शस्त्रक्रिया असते. ती आज झाली नाही तर दोन महिन्यांनी होईल. मधल्या काळात रक्तस्राव कमी करणारी औषधे आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत. मनाचा तोल सावरेपर्यंत थांबणे हे वैद्यकशास्त्राला धरूनच आहे. जीव वाचवण्याचा प्रसंग वेगळा. तिथे कोणत्याही रुग्णाला जो नियम लागू होतो, तोच तिलाही लागू व्हावा. आणि अशा दिवसांसाठीच २०१७ च्या कायद्याने पूर्वनिर्देशाची तरतूद केली आहे. स्वस्थ असताना माणूस लिहून ठेवू शकतो की विकार उसळला तर आपल्यावर कोणते मानसिक उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. हा प्रतिनिधी नवरा किंवा सासराच असला पाहिजे असे नाही. तो स्त्रीने स्वतः निवडलेला असावा. विश्वासातली मैत्रीणही चालते.

दुसरा आक्षेप वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत आलेली असताना एका रुग्णाला अर्धा तास कोठून द्यायचा? ही अडचण खोटी नाही. परंतु तिचे ओझे रुग्णाच्या डोक्यावर ठेवणे खोटे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये असे दिसले की विविध मनोविकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर राहतात. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत ती ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या स्त्रीला तेथपर्यंत पोहोचण्यासाठी मजुरीचे किती दिवस बुडवावे लागतात, याचा हिशेब मांडावा. जिथे मनोविकारतज्ज्ञ एका गावी, शल्यचिकित्सक दुसऱ्या गावी आणि लिथियमची रक्ततपासणी तिसऱ्या शहरातील खासगी प्रयोगशाळेत, तिथे तिन्ही गोष्टी जुळवण्याचे काम आजारी बाईच्याच पायांवर येते. पैसा असलेल्याला हे जुळवता येते. गरिबाला येत नाही. म्हणून हा प्रश्न निव्वळ वैद्यकीय नाही.

मागणी आणि काम

मागण्या साध्या आहेत आणि कोट्यवधींच्या योजनांवाचून पुऱ्या होणाऱ्या आहेत. दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला औषधांविषयीचा प्रश्न नातेवाइकांसमोर न विचारता एकांतात विचारला जावा. मनोविकारावर औषध घेणाऱ्या रुग्णाच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांचे एकमेकांशी, निदान दूरध्वनीवरून, बोलणे व्हावे आणि कोणती गोळी केव्हा थांबवायची व केव्हा सुरू करायची, हे केसपेपरवर लिहिले जावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियमची रक्ततपासणी विनामूल्य व्हावी. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे. गर्भाशय काढायचे की गाठ, अंडाशये राहणार की जाणार, दुसरा उपाय कोणता, हे तोंडी समजावल्याशिवाय सही घेतली जाऊ नये. आणि गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण नोंदवून त्याची वेळोवेळी तपासणी व्हावी. यातील एकही मागणी केवळ मनोरुग्ण स्त्रीपुरती नाही. तिच्यासाठी जी काळजी घेतली जाईल, तिचा लाभ ऊस तोडणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या स्त्रीलाही होईल.

परंतु शासनाकडे मागणी करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. वस्तीतील एखाद्या बाईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तर तिच्याबरोबर जाणारे कोणी आहे काय, एवढी चौकशी करता येते. औषधांची यादी चिठ्ठीवर लिहून ती थेट भूलतज्ज्ञाच्या हाती देण्यास तिला मदत करता येते. रात्री तिची झोप मोडू नये म्हणून तान्ह्या मुलाला सांभाळता येते. घरी परतल्यावर पहिले काही आठवडे ती झोपते की नाही, बोलण्याचा वेग वाढला काय, डोळ्यांतले पाणी थांबत नाही काय, याकडे लक्ष ठेवता येते आणि वेळीच डॉक्टरकडे नेता येते. आणि या सर्वांआधी एक गोष्ट करता येते : चहाच्या टपरीवर, बैठकीत, आपल्याच घरात 'डोक्याने गेलेली' म्हणून कोणाची चेष्टा झाली, तर ती तिथल्या तिथे थांबवणे. समतेची भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द सहज येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या ४२ वर्षांच्या स्त्रीला उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवले जाईल. भूल चढेल, तिचे शरीर अनोळखी हातांत जाईल, तिचा श्वासही काही काळ दुसऱ्याच्या स्वाधीन असेल. माणूस माणसावर टाकू शकतो असा याहून मोठा विश्वास क्वचितच असेल. त्या विश्वासाची परतफेड म्हणून तिला दोनच गोष्टी हव्या आहेत : आदल्या रात्री विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर निर्भयपणे देता यावे आणि कागदावरची सही तिची स्वतःची असावी.